हळदीचा हात घसरत नाही

फेब्रुवारी लागला की मी सांगलीतून गावाला जाताना लांबचा रस्ता धरतो. बायको गाडीवर मागे बसून विचारते, "सरळ रस्ता सोडून हा कुठला उपद्व्याप?" मी म्हणतो, तिकडं खड्डे आहेत. खड्डे काय, दोन्हीकडं सारखेच आहेत; त्या बाबतीत आपल्याकडं कुणावर अन्याय होत नाही. खरी गोष्ट अशी, की जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना या दिवसांत हळद शिजत असते आणि तो वास नाकात गेला की माझ्या डाव्या हाताची बोटं आपसूक मिटतात. कुणाचा तरी हात धरल्यासारखी. पस्तिशीचा माणूस, आठ हंगाम टीव्हीवर कबड्डी खेळलेला, त्याच जोरावर सरकारी खात्यात चिकटलेला, आणि वासाला भितो. सांगायचं कुणाला?

यंदा मात्र तो वास चुकवता आला नाही. अंकुशचा फोन आला. अंकुश माझ्या गावचा, माझ्याच वर्गातला, आणि एके काळी कबड्डीच्या मैदानात माझ्या डाव्या हाताला उभा राहणारा. आता गावातल्या पोरींना तोच शिकवतो. "पम्या, पोरींनी जिल्हा मारला रं! राज्याला निघाल्यात. आईतवारी ये, दोन शब्द सांग त्यास्नी. टीव्हीवरचा माणूस बगितला की जरा उसळी मारतील." मी म्हटलं, बघतो, ऑफिसचं जरा... "आईतवारी कसलं आलंय हापिस? आन जुन्या रस्त्यानं ये, त्यो दुसरा लांब पडतोय." त्याने फोन ठेवला. लांबच्या रस्त्याचं त्याला कुणी सांगितलं, कळेना.

हळदीचा हंगाम ज्याने पाहिला नाही त्याला तो वास सांगणं अवघड आहे. जमिनीतून नुकत्या काढलेल्या गड्ड्याचा वास आल्याच्या जवळचा, जरा झोंबणारा. शिजताना तो मऊ होतो, मातकट आणि गोडसर होतो. खाली जाळायला हळदीचाच वाळलेला पाला असतो, त्याचा धूर त्यात मिसळतो. आमच्या लहानपणी मोठ्या काहिली असायच्या, आता वाफेवरची पिंपं आलीत, पण वास तोच. बायका गड्डे मोडायला बसल्या की त्यांच्या हातांबरोबर बांगड्याही पिवळ्या होतात. कपडे पिवळे, उंबरे पिवळे, गावातली कुत्री पिवळी. शाळेत मास्तर वह्यांवरचे ठसे बघून म्हणायचे, "हळद कुणाकुणाची निघाली ते मला कळतंय, गणित कुणाला येतंय ते काय कळंना." अंकुशच्या वहीवर सगळ्यांत जास्त ठसे असायचे. त्याच्या घरी हळद पॉलिश करायचा ड्रम होता आणि शाळा सुटली की तो त्या ड्रमपाशीच असायचा.

शिजलेली हळद वाळत घालायला सपाट, चोपलेली जागा लागते. गावात तशी जागा एकच, आमचं कबड्डीचं मैदान. त्यामुळं जानेवारीच्या शेवटापासून शेतकरी आणि आम्ही यांच्यात रोज खडाजंगी. आमचे अण्णा मध्ये पडायचे. अण्णा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गावातल्या पोरांना कबड्डी शिकवायचं त्यांनी स्वतःच अंगावर घेतलेलं. ते दोरी आणून मैदानाचे दोन भाग करायचे, अलीकडं हळद, पलीकडं कबड्डी. "बॉर्डर हाय ही," ते म्हणायचे, "वलांडली तर फायर." पण चढाई करणारा गडी जोरात आला की बॉर्डर कुठली राहतेय? आम्ही दोघं-तिघं त्याला घेऊन थेट हळदीत जाऊन पडायचो. उठायचो तेव्हा ढोपरं, कोपरं, कान, सगळं पिवळं. शेतकरी शिव्या घालायचे आणि अंकुशची आई हसत म्हणायची, "आवं, पोरं लग्नाला आल्याली दिसत्यात."

साखळी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. समोरच्या संघाचा गडी आपल्या अंगणात चढाईला येतो तेव्हा आपण दोघं-दोघं हाताला हात धरून उभे असतो. तो आत शिरला की त्या धरलेल्या हातांनी त्याला कवेत घ्यायचा आणि दोघांनी मिळून पाडायचा. एकट्याचं ते काम नाही. एकाने ओढ घ्यायची, दुसऱ्याने भार घ्यायचा. अंकुश डाव्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी मी. त्याचा उजवा हात, माझा डावा. शाळेपासून आम्ही असेच उभे राहायचो. लोक म्हणायचे, ह्या दोघांच्या मधून वारा जात नाही.

अंकुशची एक सवय होती. ड्रमखाली हळदीची भुकटी साठते, अगदी बारीक आणि कोरडी. तो तिची एक पुडी चड्डीत खोवून आणायचा. मैदानाबाहेर ठेवायचा आणि बचावाला उभं राहायच्या आधी चिमूट चिमूट घेऊन दोन्ही तळव्यांना चोळायचा. मग माझा हात ओढून घ्यायचा, आधी स्वतःच्या बनियनला पुसायचा आणि माझ्याही तळव्याला भुकटी लावायचा, एकेका बोटाला. एखादी आई पोराच्या अंगाला लावते तसा. "हळदीचा हात घसरत न्हाई, पम्या," हे दर वेळी. मी म्हणायचो, "आरं, किती येळा सांगशील?" तो म्हणायचा, "तू जितक्या येळा इसरशील तितक्या येळा."

आणि मी तो हात सोडला. सुटला नाही, सोडला. बारा वर्षं झाली, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. इतक्या वर्षांत आरशासमोरसुद्धा म्हटलं नव्हतं. लिहिल्यावर बरं वाटेल असं कुठंतरी ऐकलं होतं, ते खोटं आहे. लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा तिला तोंड दाखवायची गरज पडली नाही, इतकंच.

त्या हंगामात आम्ही दोघं पुण्याला एका व्यावसायिक संघाच्या चाचणीला जाऊन आलो होतो. पहिल्यांदाच मॅटवर खेळलो, पहिल्यांदाच बूट घालून. जत्रेच्या आदल्या आठवड्यात फोन आला. मला सरावाच्या शिबिराला बोलावलं होतं, सोमवारी हजर व्हायचं. अंकुशला सांगितलं होतं, महिन्याने पुन्हा एक चाचणी आहे, तीत ये, तुझं काम चांगलं आहे. तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, अण्णाही तसंच म्हणायचे. मला उंची होती आणि त्या संघाला उंच पोरगा हवा होता. माझी आई म्हणाली, "आता जत्रंचा सामना खेळू नगंस बाबा. हात-पाय मोडून घेतलास तर?" मी ठरवलंही होतं, खेळायचं नाही. पण अंकुश दारात येऊन उभा. "फायनल हाय, गड्या. जाताना शेवटची एक साखळी टाकू." त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, सकाळपासून ड्रमपाशीच असणार. मी हो म्हटलं.

रविवार, दुपारी चारचं ऊन. मैदानाच्या कडेला हळदीचा वाळत घातलेला थर, त्याच्या पलीकडे बसलेला सगळा गाव. शेवटची चढाई. पलीकडच्या गावचा गडी शंभर किलोच्या आसपास, मांड्या म्हणजे केळीचे खुंट. आत आला, बोनसच्या रेषेकडं झुकला आणि अंकुशने माझा हात दाबला. हा आमचा इशारा. आता टाकायची. अंकुशने झेप घेतली, सगळा भार साखळीवर टाकून. नेहमीसारखा. आणि मला त्या एका क्षणात काय दिसलं असेल? तो गडी माझ्या अंगावर येताना दिसला. माझा खांदा दिसला, माझं ढोपर, सोमवारची गाडी. मी बोटं उघडली. एक पाऊल मागं सरलो.

अंकुश अधांतरी गेला. त्याचा पाय जमिनीत रुतलेला तसाच राहिला, अंग फिरलं आणि त्या गड्याचा सगळा देह त्याच्या ढोपरावर पडला. आवाज आला. ऊस मोडताना येतो तसा, बारीक. मग गावाचा आवाज. मला आठवतं, मी सगळ्यांत आधी धावलो. सगळ्यांत आधी "अंकुश, अंकुश" म्हणून ओरडलो. बघणाऱ्याला वाटावं, काय जीव आहे दोस्तावर!

मिरजेच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोसंब्यांची पिशवी घेऊन गेलो. दुपारची माझी गाडी होती. अंकुशचा पाय लोखंडी पट्ट्यांत बांधलेला. त्याची आई स्टुलावर बसून रडत होती. "कसं झालं रं पम्या? तुमचा हात तर कवा सुटत न्हवता."  तेवढ्यात अंकुशच बोलला, छताकडं बघत. "घामानं सुटला गं आई. ऊन केवढं व्हतं. पम्याचा काय दोस?" आणि मी होकाराची मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, पण मी काही मेलो नाही, मान हलवली. निघताना त्याच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "तू तरी मोठा हो बाबा. त्येचं बी नाव तूच काढ." मोसंबी मी कुठं ठेवली ते आठवत नाही.

शिबिरात पहिल्याच सकाळी फिजिओने हात बघितले. दिल्लीकडचा माणूस. माझ्या डाव्या हाताची बोटं आणि तळवा अजून पिवळाजर्द. "यह क्या है?"  चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "बहन की शादी थी, सर." सगळी पोरं हसली, अभिनंदन केलं, एकाने पेढे मागितले. मला बहीण नाही. साबणाने घासलं, दगडाने घासलं, तरी तो रंग आठवडाभर राहिला. जेवताना मी डावा हात टेबलाखाली ठेवायचो. पुढं रंग गेला, सवय राहिली. आजही कुणी ओळखीचं भेटलं की माझा डावा हात खिशात जातो. बायकोला ती माझी ऐट वाटते.

मग ते आठ हंगाम. त्याबद्दल लोकांना फार उत्सुकता असते. काय असतं हो तिथं? हॉटेलं असतात, एकासारखी एक, सकाळी उठल्यावर गाव कोणतं ते खिडकीतून बघून घ्यायचं. बर्फाच्या पाण्यात बसणं असतं. उकडलेली कोंबडी असते, तीत ना तिखट ना हळद. पहिल्या दिवशी मला ती बघून बरं वाटलं, हळद नव्हती म्हणून. लिलाव असतो. तुमचं नाव पुकारतात आणि तुम्ही घरी टीव्हीपुढं बसून आपल्याला कोण घेतंय ते बघता, शेजारीपाजारी चहा पीत असतात. खिलारी बैलाच्या बाजारात बैलाला तरी दात दाखवायला लागतात, आम्हाला तेही नाही. तीन संघ झाले, तीन रंगांचे शर्ट झाले. चांगलं खेळलो. खोटं कशाला बोलू, काही हंगाम फारच चांगले गेले. आणि समालोचक काय म्हणायचा माहीत आहे? "साखळीतला सगळ्यात भरवशाचा हात!" कानाकोपऱ्यात टाळ्या. मी कॅमेऱ्याकडं न बघता बूट बांधायला वाकायचो. बूट बांधलेलाच असायचा.

व्यावसायिक खेळात साखळी वेगळी शिकवतात, हे सांगायला हवं. बोटांत बोटं हलकी अडकवायची, घट्ट नाही. वेळ आली की सोडून आपापलं काम करता आलं पाहिजे. आमचा प्रशिक्षक म्हणायचा, चांगला बचावपटू तो, ज्याला कधी सोडायचं ते कळतं. मी पहिल्या आठवड्यातच शिकलो. सगळे म्हणाले, पोरगं हुशार आहे.

दर हंगाम संपला की मी अंकुशला माझा एक शर्ट पाठवायचो, पाठीवर माझं नाव असलेला. का पाठवत होतो? मला वाटायचं, ह्यात काहीतरी फेडल्यासारखं आहे. आठ वर्षांत आठ शर्ट. तो दर वेळी फोन करायचा, "मिळाला रं, लय भारी हाय." त्या वर्षांत गावाला मी जायचो ते दिवाळीत, गणपतीत. हळदीच्या दिवसांत कधीच नाही. भेट झाली तरी चार माणसांत. त्याचं लग्न झालं, मी परदेशी दौरा सांगितला. दौरा नव्हता. त्याच्या लग्नातही हळद असणारच होती, तिथं मी कुठल्या तोंडाने जाणार?

खेळ संपला तो एका फोनने. खांदा दोनदा निखळला होता. पलीकडचा मुलगा फार सभ्यपणे बोलला, सर, या वर्षी आपल्याला पुढं नेता येणार नाही. संघाने माझा हात सोडला तो असा, एका मिनिटात, आणि मला राग आला. काय माणसं आहेत, इतकी वर्षं खेळलो यांच्यासाठी! फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं, फार वाईट हसू. त्याने निदान फोन तरी केला होता.

तर रविवारी जुन्या रस्त्याने गेलो. दोन्हीकडं धूर, दोन्हीकडं वास, हेल्मेटची काच खाली घेतली तरी येणारा. मैदानाला तीच दोरी, अलीकडं हळद, पलीकडं कबड्डी. अण्णा आता नाहीत, दोरी तेवढी आहे. अंकुश सामोरा आला. चालताना उजवा पाय जरासा बाहेर टाकतो, हात मात्र तसेच, कोपरापर्यंत पिवळे. "आला व्हय लांबच्या रस्त्याचा पावना," म्हणाला आणि हसला. मग त्याने शिट्टी मारली आणि पोरी ओळीने उभ्या राहिल्या.

त्यांच्या अंगात माझे शर्ट होते. आठ पोरी, आठ शर्ट, तीन रंगांचे, कुणाला गुडघ्यापर्यंत आलेले, कुणी कमरेला गाठ मारलेली. त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा आठही पाठींवर माझं आडनाव. "सरावाला येत्यात कामाला," अंकुश म्हणाला, "कापड लय टिकाऊ हाय." मला खाली बसावंसं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी खुर्ची आणली, म्हणजे तीही सोय झाली, पाहुणा म्हणून.

मी दोन शब्द सांगितले. काय सांगणार? एकजूट, शिस्त, एकमेकींवर विश्वास. हे भाषण मी पन्नास ठिकाणी केलंय, तोंडपाठ आहे. पोरी डोळे मोठे करून ऐकत होत्या. टाळ्या वाजवल्या. अंकुशनेही वाजवल्या. त्या टाळ्यांएवढी लाज मला दवाखान्यातसुद्धा वाटली नव्हती.

"आता साखळी दाखव त्यास्नी," अंकुश म्हणाला. डाव्या कोपऱ्याला स्वप्नाली कांबळे उभी होती, संघाची कर्णधार, अकरावीतली, काटक पोरगी. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि डावा हात पुढं केला, बोटं सैल सोडून, शिकवल्याप्रमाणे. तिने हात घेतला नाही. वरून माझं मनगट धरलं.

"अगं, मनगट नाही," मी म्हटलं. "बोटं धरायची, हलकी. सुटायला सोपं पडतं."

"न्हाई सर, आमी मनगटच धरतो." ती पाढे म्हणावेत तशी म्हणाली, "हात धरायला दोघींची मर्जी लागती. मनगट धरलं की एकीची बी पुरती."

"कुणी सांगितलं हे?"

"आमच्या सरांनी. पयल्याच दिवशी सांगत्यात."

मी अंकुशकडं बघितलं. तो दोरीपलीकडं वाकून पायाने हळद सारखी करत होता. सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या, सर आता काय म्हणतात म्हणून. मी म्हटलं, "तुमच्या सरांचं बरोबर आहे."  स्वप्नालीने मनगट सोडलं, तिथं तिच्या चार बोटांचे पिवळे पट्टे उठले होते.

दुपारी पोरी घरी गेल्या. वाळलेली हळद पोत्यांत भरून झाली होती, ट्रॉली येऊन उभी होती. अंकुश एका पोत्याचं तोंड दाभणाने शिवत बसला. मी समोर उकिडवा बसलो. आज नाही बोललो तर आयुष्यात बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"अंकुश, त्या दिवशी हात सुटला न्हवता."

दाभण चालूच.

"मी सोडला."

"व्हय," तो म्हणाला.

"तुला ठावं व्हतं?"

त्याने सुतळी दाताने तोडली. "तुज्या हाताला हळद कुणी लावली व्हती? मीच न्हवं? हळदीचा हात घसरत न्हाई, पम्या."

"मग आईला घाम म्हून का सांगितलंस?"

"आई रडत व्हती. तुजी गाडी दुपारची व्हती. म्हटलं, दोगंबी ऱ्हायलो तर काय उपेग? एक तरी जाऊ दे." तो पुढच्या पोत्याकडं सरकला. "पर मला वाटायचं, तू येशील. आज न्हाई उद्या येशील आन सांगशील. पयल्या वर्सी लय वाट बगितली, गड्या. शिव्या बी ठरवून ठेवल्या व्हत्या, एकापरीस एक. एक कानाखाली काढणार व्हतो. आन मग मिटलं असतं. तर तू येईनास, तुजं शर्ट यायला लागलं."

"आता मार," मी म्हटलं. खरंच म्हटलं. गालही पुढं केला असेल.

 राग नव्हता त्याच्या तोंडावर, असता तर मला बरं झालं असतं. "आता कुणाला मारू? ज्येला मारायचा व्हता त्यो तेवीस वर्साचा व्हता. त्यो काय सापडायचा न्हाई आता." मग ढोपरावर हात टेकून, तोंड वाकडं करत उठला. "चल. ट्रॉलीवाला खोळंबलाय. पोती टाकू लाग."

भरलं पोतं दोघांनी उचलायची आमच्याकडं एक रीत आहे. समोरासमोर उभं राहायचं, पोत्याच्या खालून हात घालायचे, खालीच एकमेकांचे हात धरायचे आणि एका दमात वर घ्यायचं. मी वाकलो. पोत्याखाली हात घातला, बोटं उघडी ठेवून. खालच्या अंधारात चाचपडत त्याचा हात आला, माझ्या बोटांपर्यंत आला, तिथं थांबला नाही, पुढं सरकला आणि मनगटावर बसला. घट्ट. मीही त्याचं मनगट धरलं.

"उचल," तो म्हणाला.

सात पोती आम्ही ट्रॉलीत टाकली. मध्ये एकदा त्याचं ढोपर लचकलं, सगळा भार माझ्याकडं आला, खांद्यातून कळ गेली. पोतं पडलं नाही. एकदाही हात सुटला नाही. मी सोडला असता तरी सुटला नसता.